सेव्ह, ओपन आणि बंद: विंडोवाल्या प्रोग्राममध्ये फाइल सांभाळायची कशी

पायथनमध्ये फाइल उघडून वाचणं हे दोन ओळींचं काम आहे, हे पहिल्याच सत्रात कळतं. काळ्या पडद्यावरचा प्रोग्राम वरून खाली धावतो, फाइल वाचतो, उत्तर छापतो आणि संपतो. त्याच दोन ओळी मेन्यू आणि बटणं असलेल्या प्रोग्राममध्ये नेल्या की प्रश्न सुरू होतात. फाइल निवडायच्या चौकटीत कोणी 'कॅन्सल' दाबलं तर? अर्धं काम झालेलं असताना कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक झालं तर? सेव्ह चालू असताना लाईट गेली तर?

नागपुरात बीसीए, एमसीए, पॉलिटेक्निक किंवा इंजिनीअरिंग करणारी बरीच मुलं शेवटच्या वर्षाला ओळखीतल्या कुणासाठी तरी छोटा प्रोग्राम बनवून देतात. कधी इतवारीतल्या होलसेल दुकानाची उधारी असते, कधी धरमपेठेतल्या दवाखान्याच्या नोंदी, तर कधी कळमना मार्केटमधल्या अडतियाची वही. या लेखात मी शेवटचंच उदाहरण घेतो. संत्र्याची गाडी येते, लिलाव होतो आणि शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव, अडत, हमाली अशी नोंद होऊन त्याची पट्टी (हिशेबाची चिठ्ठी) बनते. प्रोग्राम या नोंदी फाइलमध्ये ठेवतो आणि लागतील तेव्हा उघडून दाखवतो.

अशा प्रोग्रामची परीक्षा त्याच्या रंगांवरून किंवा बटणांच्या आकारावरून होत नाही. त्या फाइलमध्ये काटोलहून माल घेऊन आलेल्या माणसाचे पैसे लिहिलेले असतात. म्हणून फाइलशी प्रोग्राम कसा वागतो, हा भाग मी सगळ्यात वर ठेवतो आणि शिकणाऱ्यांनीही तिथेच जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीची तयारी

आपण पायथन आणि टीकिंटर (पायथनमध्ये विंडो, मेन्यू, बटणं बनवायची लायब्ररी) वापरू. विंडोजवर पायथन बसवताना टीकिंटर सोबतच येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये नवीन काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, तिथे हे फार सोयीचं पडतं. उबंटूवर मात्र त्याचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. क्यूटी, जावा किंवा सी शार्प शिकत असाल तरी पुढच्या पायऱ्या बदलत नाहीत, फक्त फंक्शनची नावं बदलतात.

ही नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की पूर्ण स्पेलिंग समोर येतंच.

पायरी १: प्रोग्राम आता तुमच्या मागे धावत नाही, तो थांबून राहतो

विंडो तयार झाली की शेवटी आपण 'मेनलूप' सुरू करतो. तिथून पुढे प्रोग्राम फक्त वाट पाहतो. क्लिक झालं, कळ दाबली गेली, विंडोचा आकार बदलला की त्या प्रत्येक गोष्टीचा एक इव्हेंट तयार होतो, आणि त्या इव्हेंटला जोडलेलं फंक्शन चालतं. फंक्शन संपलं की प्रोग्राम पुन्हा वाट पाहायला लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे फाइल वाचायचा कोड स्क्रिप्टच्या सुरुवातीला मोकळा ठेवायचा नाही. तो एका फंक्शनमध्ये असायला हवा आणि ते फंक्शन मेन्यूतल्या 'उघडा'ला जोडलेलं हवं. दुसरी म्हणजे ते फंक्शन लवकर संपायला हवं, कारण ते चालू असेपर्यंत विंडो दुसरं काहीच करू शकत नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे पायरी ६ मध्ये परत येऊ.

नवशिक्यांची इथे एक ठरलेली अडचण होते. बटणाच्या 'कमांड'ला फंक्शन जोडताना नावापुढे कंस दिला, तर फंक्शन क्लिकची वाट न बघता बटण तयार होतानाच चालतं. विंडो दिसायच्या आधीच फाइल निवडायची चौकट समोर येते आणि नंतर बटण कितीही दाबलं तरी काही होत नाही. ही लक्षणं दिसली की बाकी काही शोधू नका, आधी तो कंस काढा. फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं.

पायरी २: तीन गोष्टी एका जागी ठेवा

एक क्लास बनवा आणि त्यात या तीन गोष्टी ठेवा: सध्या उघडलेल्या फाइलचा मार्ग, विंडोत दिसणाऱ्या नोंदी, आणि शेवटच्या सेव्हनंतर काही बदललं आहे का याची खूण. प्रोग्राम सुरू होताना मार्ग 'नन' असतो, नोंदींची यादी रिकामी असते आणि खूण 'फॉल्स' असते.

नोंद भरली, खोडली किंवा दुरुस्त केली की खूण 'ट्रू' करायची. सेव्ह नीट पार पडलं की पुन्हा 'फॉल्स'. विंडोच्या शीर्षकात फाइलचं नाव दाखवा आणि खूण 'ट्रू' असताना त्यापुढे एक तारा लावा. शीर्षक बदलणारं फंक्शन एकच ठेवा आणि खूण बदलेल तिथून तेच बोलवा. चार ठिकाणी चार पद्धतींनी शीर्षक बदललं तर एखाद्या जागी तारा राहून जातो आणि लोकांचा त्यावरचा विश्वास उडतो.

पायरी ३: फाइल उघडणं

'आस्कओपनफाइलनेम' हे फंक्शन फाइल निवडायची चौकट दाखवतं. ते फाइल उघडत नाही, निवडलेल्या फाइलचा मार्ग परत देतं आणि तेवढंच. कॅन्सल दाबलं की रिकामी स्ट्रिंग मिळते, काही वेळा रिकामा टपलही मिळतो. म्हणून रिकाम्या स्ट्रिंगशी बरोबरी करून तपासू नका. 'इफ नॉट मार्ग' असेल तर सरळ परत फिरा. कॅन्सल ही चूक नाही, त्यामुळे तिथे 'तुम्ही फाइल निवडली नाही' असा संदेश दाखवायची गरज नाही. माणसानं ते ठरवूनच केलेलं असतं.

चौकटीला 'फाइलटाइप्स' द्या, म्हणजे फक्त सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइली) दिसतील. सोबत 'सगळ्या फाइली' हा पर्यायही ठेवा. 'पॅरेंट' म्हणून मुख्य विंडो द्या, नाहीतर चौकट कधीकधी मागे लपते आणि प्रोग्राम अडकल्यासारखा वाटतो.

मार्ग हाती आला की वाचायचं, पण वाचलेलं थेट विंडोतल्या यादीत ओतायचं नाही. आधी एका नव्या, तात्पुरत्या यादीत सगळ्या ओळी वाचा. प्रत्येक ओळीत जेवढे रकाने हवेत तेवढे आहेत का, वजन आणि भाव हे आकडे आहेत का, ते बघा. सगळं ठीक असेल तरच जुनी यादी बदला, मार्ग बदला आणि खूण 'फॉल्स' करा. असं केलं नाही तर चाळिसाव्या ओळीला चुकीचा आकडा सापडतो, फंक्शन मध्येच थांबतं आणि विंडोत अर्ध्या नव्या नोंदी राहतात, तर मार्ग जुन्याच फाइलचा असतो. त्या अवस्थेत कुणी सेव्ह दाबलं तर जुन्या फाइलवर नव्या फाइलचा अर्धा तुकडा बसतो. नुकसान होऊन जातं आणि कुठेही एरर दिसत नाही.

आकड्यांबद्दल एक उपयोगी गोष्ट: पायथनचं 'इंट' आणि 'फ्लोट' देवनागरी अंकही समजतं. मुनीमजींनी ४५ असं टाइप केलं तरी त्याचा आकडा नीट होतो. पण १,२५,००० मधले स्वल्पविराम चालत नाहीत. ते आधी काढून टाका.

वाचताना येणाऱ्या एररना नावानिशी पकडा. फाइल सापडली नाही, परवानगी नाही, अक्षरं वाचता आली नाहीत, मजकूर अपेक्षेप्रमाणे नाही, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे संदेशही वेगळे हवेत. 'एरर आला' एवढंच लिहिलेली चौकट दाखवणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं. 'ओळ ४० मध्ये वजनाच्या जागी आकडा नाही' असं सांगा. तो फाइल उघडेल आणि दुरुस्त करेल.

पायरी ४: मराठी अक्षरं

या पायरीवर थोडं थांबू, कारण इंग्रजीतल्या शिकवण्यांमध्ये हा भाग एका ओळीत संपतो आणि आपला निम्मा त्रास मात्र इथेच असतो.

'ओपन'ला एनकोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, सांगितलं नाही तर विंडोजवर पायथन ३.१४ पर्यंत यंत्राच्या भाषा-सेटिंगप्रमाणे कोडपेज (कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर याचा तक्ता) वापरतं. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर इंग्रजीचं सेटिंग असल्यामुळे ते १२५२ क्रमांकाचं पश्चिम युरोपीय कोडपेज निघतं. फाइल मात्र यूटीएफ-८ मध्ये असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'नागपूर' या शब्दात न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र अशी ६ चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट. कोडपेज १२५२ प्रत्येक बाइटला एक अक्षर समजतं, त्यामुळे स्क्रीनवर 'नागपूर'च्या जागी १८ अनोळखी युरोपीय चिन्हांची माळ येते.

हा घोटाळा सगळ्या शब्दांना सारखा होत नाही. गावाच्या रकान्यात 'काटोल' किंवा 'नरखेड' असेल तर कचरा दिसतो, पण एरर येत नाही. 'कळमेश्वर' असेल तर प्रोग्राम एरर देऊन थांबतो. कारण त्यात हलन्त आहे, हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी (हेक्स आकड्यांत) असतो आणि कोडपेज १२५२ मध्ये त्या जागी काहीच नाही. 'वरुड'मधल्या ऱ्हस्व उकाराचंही तसंच, त्याचा शेवटचा बाइट ८१ आहे. म्हणून तपासताना दोन सोपी नावं टाकून समाधान मानलं की प्रोग्राम चालतोय असं वाटतं, आणि खरी यादी समोर आली की कधी चालतो, कधी पडतो. असं कधी चालणं, कधी पडणं दिसलं तर पहिला संशय एनकोडिंगवर घ्या.

उपाय सोपा आहे. फाइल वाचताना आणि लिहिताना, दर वेळी, एनकोडिंग स्वतः लिहा. सीएसव्ही पुढे एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल तर 'यूटीएफ-८-सिग' वापरा. ते फाइलच्या सुरुवातीला ३ बाइटची एक खूण ठेवतं आणि त्यावरून एक्सेलला अक्षरं कळतात. वाचतानाही हेच नाव दिलं तर खूण असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारच्या फाइली नीट वाचल्या जातात. सीएसव्ही फाइल उघडताना 'न्यूलाइन' म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक कोरी ओळ येते.

जुन्या दुकानांमध्ये अजूनही युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली सापडतात. त्यात अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट बदलला म्हणून मराठी दिसतात. एनकोडिंग बदलून त्या सुधारत नाहीत. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून आधी युनिकोड करून घ्यावं लागतं. हे काम प्रोग्राममध्ये कोंबू नका, एकदाच बाहेर उरकून घ्या.

पायरी ५: सेव्ह

सेव्ह आणि 'या नावाने सेव्ह' अशी दोन फंक्शन लिहा, पण प्रत्यक्ष लिहिणारं फंक्शन एकच ठेवा. सेव्हमध्ये मार्ग 'नन' असेल तर दुसऱ्याला बोलवा. दुसरं फंक्शन 'आस्कसेव्हॅजफाइलनेम' दाखवतं, मार्ग घेतं आणि लिहिणाऱ्याकडे देतं. तिन्ही फंक्शननी काम झालं की 'ट्रू' आणि कॅन्सल झालं किंवा चूक झाली की 'फॉल्स' परत द्यायला हवं. आत्ता हे विनाकारण वाटेल. पायरी ७ मध्ये सगळा भार याच उत्तरावर आहे.

फाइलच्या नावाचा शेवट, म्हणजे डॉट सीएसव्ही, 'डिफॉल्टएक्स्टेन्शन'मधून द्या. मार्ग मिळाल्यानंतर तो कोडमध्ये स्वतः चिकटवू नका. 'ही फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का?' हा प्रश्न चौकट स्वतः विचारते, पण तिला दिसलेल्या नावासाठी. तुम्ही नंतर शेपूट जोडलं तर नाव बदलतं, आणि त्या नव्या नावाची जुनी फाइल न विचारता पुसली जाते.

आता प्रत्यक्ष लिहिणं. 'ओपन'ला लिहिण्यासाठी 'डब्ल्यू' दिलं की फाइल त्याच क्षणी रिकामी होते. एकही अक्षर लिहिलं जायच्या आधी. त्यानंतर एनकोडिंगची एरर आली, डिस्क भरली किंवा लाईट गेली तर जुनं गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. आंबिया बहाराच्या हंगामातल्या सगळ्या नोंदी अशा एका क्षणात शून्य बाइटच्या होऊ शकतात. म्हणून मूळ फाइलवर थेट लिहायचंच नाही. क्रम असा ठेवा:

१. मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये, त्याच नावापुढे डॉट टीएमपी लावून तात्पुरती फाइल उघडा.

२. सगळ्या नोंदी तिच्यात लिहा.

३. 'फ्लश' करा आणि मग 'ओएस'मधलं 'एफसिंक' बोलवा. नुसतं लिहिलं म्हणजे डिस्कवर पोचलं असं नसतं, मजकूर वाटेत मेमरीत थांबलेला असतो. 'एफसिंक' तो डिस्कवर उतरवायला लावतं.

४. फाइल बंद करा.

५. 'ओएस'मधल्या 'रिप्लेस'ने तात्पुरत्या फाइलला मूळ नाव द्या.

वहीचं नवं पान पूर्ण उतरवून, ताडून झाल्यावरच जुनं पान फाडावं, तसं हे आहे. मध्ये कुठेही अडलं तरी मूळ फाइल जशीच्या तशी राहते. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये का? 'रिप्लेस' एकाच ड्राइव्हवर नाव बदलू शकतं. सी ड्राइव्हवर लिहून ती पेन ड्राइव्हवर हलवायला गेलात तर एरर येते.

इथे एक एरर नक्की भेटणार आहे: परवानगी नाही. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की तीच सीएसव्ही शेजारी एक्सेलमध्ये उघडी आहे आणि विंडोजवर एक्सेल तिला कुलूप लावून ठेवतं. संदेशात तेच लिहा: 'ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी असू शकते. ती बंद करून पुन्हा सेव्ह करा, किंवा दुसऱ्या नावाने सेव्ह करा.' खूण 'ट्रू'च राहू द्या, तारा तसाच दिसू द्या आणि 'फॉल्स' परत द्या.

टेक्स्ट विजेटमधला (विजेट म्हणजे विंडोतला बटण, लेबल, चौकट असा कोणताही घटक) मजकूर सेव्ह करत असाल तर 'एंड' ऐवजी 'एंड-१सी' पर्यंतचा घ्या. टीकिंटर शेवटी एक ओळ-खूण स्वतःहून जोडतं. ती काढली नाही तर दर सेव्हला फाइलच्या तळाशी एक कोरी ओळ वाढत जाते.

पायरी ६: मोठी फाइल आणि गोठलेली विंडो

काही हजार ओळींची सीएसव्ही वाचायला क्षणभर लागतो. तिथे थ्रेडच्या (मुख्य कामाच्या बरोबरीने चालणाऱ्या दुसऱ्या कामाच्या) भानगडीत पडू नका, सरळ वाचा. पण अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करायच्या असतील किंवा फाइल नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर असेल, तर फंक्शन लांबतं. विंडोने सुमारे ५ सेकंद कोणताही इव्हेंट हाताळला नाही की विंडोज तिला 'नॉट रिस्पॉन्डिंग' ठरवतं. ते पाहून माणूस काय करतो? टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारतो. आणि तेव्हा नेमकं लिहिणं चालू असतं.

अशा वेळी वाचायचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये द्या. त्या थ्रेडने विजेटला हात लावायचा नाही, ना लेबलला, ना यादीला. टीकिंटरचे विजेट मुख्य थ्रेडमधूनच बदलायचे, हा नियम कधी मोडू नका. मोडला तर प्रोग्राम दहा वेळा चालतो आणि अकराव्यांदा कारण न सांगता पडतो. थ्रेडने आपलं उत्तर 'क्यू'मध्ये, म्हणजे दोन्ही थ्रेडना वापरता येणाऱ्या रांगेत, टाकायचं. मुख्य बाजूला 'आफ्टर' वापरून दर १०० मिलिसेकंदांनी 'क्यू' बघायची, आणि काही आलं असेल तर ते विंडोत दाखवायचं. एररसुद्धा 'क्यू'तूनच पाठवा, थ्रेडमधून मेसेजबॉक्स उघडू नका.

काम चालू असताना 'उघडा' आणि 'सेव्ह' ही बटणं बंद ठेवा. नाहीतर काही झालं नाही असं वाटून लोक पुन्हा दाबतात आणि एकाच फाइलवर दोन थ्रेड चालायला लागतात.

पायरी ७: बंद करताना

कोपऱ्यातली फुली हाही एक इव्हेंट आहे. 'प्रोटोकॉल' वापरून 'डब्ल्यूएम_डिलीट_विंडो'ला आपलं फंक्शन जोडा. एकदा जोडलं की विंडो आपोआप बंद होत नाही, 'डिस्ट्रॉय' आपल्याला बोलवावं लागतं. ते कधी बोलवायचं हे ठरवायची ताकद आपल्या हातात येते.

खूण 'फॉल्स' असेल तर लगेच बंद करा. विनाकारण 'नक्की बंद करायचं?' विचारत राहिलं तर लोक न वाचता 'हो' म्हणायला शिकतात, आणि जिथे खरंच वाचायला हवं तिथेही वाचत नाहीत.

खूण 'ट्रू' असेल तर 'आस्कयेसनोकॅन्सल' दाखवा: 'बदल सेव्ह करायचे का?' उत्तरं तीन येतात. 'हो' म्हणजे 'ट्रू', 'नाही' म्हणजे 'फॉल्स' आणि कॅन्सल म्हणजे 'नन'. इथे 'इफ नॉट उत्तर' लिहिलं की घात होतो, कारण पायथनला 'फॉल्स' आणि 'नन' दोन्ही सारखेच नकारार्थी वाटतात. माणसानं 'थांब, मला परत जायचंय' म्हणून कॅन्सल दाबलं आणि प्रोग्रामने ते 'सेव्ह नको' असं समजून विंडो बंद केली, तर दुपारभराचं काम गेलं. म्हणून आधी 'उत्तर इज नन' तपासा आणि परत फिरा. मग 'ट्रू' असेल तर सेव्ह बोलवा, आणि सेव्हने 'ट्रू' परत दिलं तरच बंद करा. एक्सेलच्या कुलपामुळे सेव्ह झालं नाही, किंवा नाव विचारल्यावर कॅन्सल दाबलं, तर विंडो उघडीच राहायला हवी. पायरी ५ मधलं उत्तर परत देणं इथे कामी येतं.

हीच तपासणी 'नवीन' आणि 'उघडा' या दोन्हींच्या सुरुवातीलाही हवी, कारण तिथेही समोरच्या नोंदी जाणारच असतात. 'पुढे जाऊ का' असं एकच फंक्शन लिहा आणि तिन्ही ठिकाणाहून बोलवा. मेन्यूतलं 'बाहेर पडा' आणि फुली यांनाही एकच फंक्शन जोडा. फुलीवर विचारणारा आणि मेन्यूतून गुपचूप बंद होणारा प्रोग्राम मी अनेकदा पाहिला आहे.

पायरी ८: लाईट जाते तेव्हा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, कूलर-एसीचा भार वाढतो आणि लाईट जाणं काही नवलाचं नसतं. पावसाळ्याच्या तोंडावर वादळी वारा सुटला की तेच. लॅपटॉप असेल तर निभावतं. दुकानातल्या डेस्कटॉपला यूपीएस असेलच असं धरून चालू नका.

'आफ्टर' वापरून दर २ मिनिटांनी एक फंक्शन चालवा. खूण 'ट्रू' असेल तर नोंदी एका वेगळ्या राखीव फाइलमध्ये लिहा, पायरी ५ च्याच क्रमाने. मूळ फाइलवर आपणहून लिहू नका. माणसानं प्रयोग म्हणून चार नोंदी खोडल्या असतील आणि त्याला त्या सेव्ह करायच्याच नसतील, तर तो निर्णय त्याचा आहे. नीट सेव्ह झालं किंवा तो 'सेव्ह नको' म्हणून बाहेर पडला की राखीव फाइल काढून टाका. प्रोग्राम सुरू होताना ती सापडली, म्हणजे मागच्या वेळी तो मध्येच बंद पडला होता. मग विचारा: 'न जतन केलेल्या नोंदी सापडल्या आहेत, परत आणायच्या का?' परत आणल्या तर खूण 'ट्रू' ठेवा.

राखीव फाइल वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा, 'पाथलिब'मधलं 'पाथ.होम' तो मार्ग देतं. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. तुमच्या संगणकावर चाललं तरी दुकानात चालणार नाही.

पायरी ९: न दिसणाऱ्या एरर

इव्हेंटला जोडलेल्या फंक्शनमध्ये न पकडलेली एरर आली तर टीकिंटर प्रोग्राम बंद करत नाही. तो काळ्या पडद्यावर संदेश छापतो आणि वाट पाहायला लागतो. शिकताना हे चालतं. पण दुकानात देताना काळा पडदा लपवलेला असतो, म्हणजे सेव्ह दाबलं, आत एरर आली आणि स्क्रीनवर काहीच दिसलं नाही. माणूस समजतो की झालं सेव्ह.

मुख्य विंडोच्या 'रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन'ला आपलं फंक्शन द्या. त्यात पूर्ण एरर एका लॉग फाइलमध्ये तारीख-वेळेसह लिहा आणि स्क्रीनवर साध्या मराठीत सांगा की काम पूर्ण झालं नाही. पुढे फोन आला तर 'लॉग फाइल पाठवा' एवढं म्हणता येतं.

पायरी १०: द्यायच्या आधी मोडून बघा

प्रोग्राम चालतो का हे सगळेच बघतात. तो मोडताना कसा वागतो ते तुम्ही बघा. प्रत्येक चौकटीत कॅन्सल दाबा. फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवून सेव्ह करा. शून्य बाइटची फाइल उघडा. फोटोच्या फाइलचं नाव बदलून डॉट सीएसव्ही करा आणि ती उघडा. फाइलचं नाव मराठीत, मध्ये जागा सोडून ठेवा, जसं 'मृग बहार पट्टी'. नोंदींमध्ये कळमेश्वर आणि वरुड दोन्ही असू द्या. पेन ड्राइव्हवरची फाइल उघडा, पेन ड्राइव्ह काढा, मग सेव्ह करा. नोंद बदला, फुली दाबा, 'हो' म्हणा आणि नाव विचारल्यावर कॅन्सल करा: विंडो उघडीच राहिली पाहिजे आणि तारा दिसला पाहिजे. प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून मारा आणि पुन्हा सुरू करा.

हे सगळं पार पडलं की एकदा कळमन्यात, ज्यांना तो वापरायचा आहे त्यांच्या शेजारी बसा. लिलावाच्या घाईत, एका हातात फोन धरून, मुनीमजी नोंदी कशा भरतात ते न बोलता पाहा. ते कोणत्या क्रमाने क्लिक करतात, कुठे अडतात, कुठली चौकट न वाचता बंद करतात, ते लिहून घ्या. पुढच्या आवृत्तीत काय करायचं याची यादी तिथेच तयार होते.